यंत्र उदाहरणांवरून कसे शिकते
(इयत्ता सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या तासासाठी)



शिकणाऱ्या यंत्राची कल्पना मुलांना व्याख्येने पटत नाही. म्हणून पाठाचा आरंभ एका हकिकतीने करावा.

रेजिना बार्झिले या अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत संगणकशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. मानवी भाषा संगणकास कशी उमगावी, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. २०१४ साली त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आपल्यासारख्या इतर रुग्णांचे पुढे काय झाले, असे त्या विचारीत. पण समाधानकारक उत्तर मिळेना. डॉक्टर अज्ञानी होते असे नव्हे. हजारो रुग्णांचे अहवाल दप्तरी होते, परंतु ते वाक्यांच्या रूपात लिहिलेले असल्याने त्यांची एकत्र मोजदाद करता येत नव्हती. (आपल्या शाळेतील जुनी दप्तरे येथे अनेकांस आठवतील.) उपचारांनंतर त्यांनी आपली विद्या या कामी लावली.

आता कृती. कडुनिंबाची व कढीलिंबाची सुटी पाने आणावीत. कोणताही नियम न सांगता एकेक पान दाखवून केवळ त्याचे नाव सांगावे. पंधरा-वीस पानांनंतर नवे पान दाखवून मुलांना नाव विचारावे. वास घेऊ देऊ नये, नाहीतर सारी गंमत जाईल. बहुतेक मुले बरोबर सांगतील. कशावरून ओळखले हे मात्र पुष्कळांना सांगता येणार नाही. यंत्राचे शिकणे काहीसे असेच असते.

मग दुसऱ्या गटास कडुनिंबाची सर्व पाने वाळलेली व कढीलिंबाची सर्व ताजी दाखवावीत. ही मुले वाळलेपणालाच खूण मानतील आणि कडुनिंबाचे ताजे पान समोर येताच फसतील. या चुकीवर घाई न करता पुरेसा वेळ द्यावा. पाठाचे मर्म येथेच आहे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वर्तविण्याच्या जुन्या पद्धती बहुतांशी गोऱ्या स्त्रियांच्या माहितीवर उभारलेल्या होत्या. इतर स्त्रियांबाबत त्या उण्या पडत.

बार्झिले व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मिराई' नावाची प्रणाली तयार केली. तिला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील २ लाखांहून अधिक क्ष-किरण चित्रे, पुढे कोणास रोग झाला या माहितीसह, दाखविण्यात आली. पुढील पाच वर्षांतील धोका ती चित्रावरून वर्तविते. तिची परीक्षा मात्र तिने न पाहिलेल्या चित्रांवर, शिवाय स्वीडन व तैवान येथील रुग्णालयांतील चित्रांवरही घेतली गेली. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. शिकविताना वापरलेलेच पान परीक्षेत का दाखवू नये, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

वेळ उरल्यास 'हॅलिसिन'चा उल्लेख करावा. सुमारे २,५०० रसायनांचा जंतूंवरील परिणाम शिकलेल्या यंत्राने, मधुमेहासाठी पूर्वी अभ्यासलेल्या एका द्रव्यात जंतुनाशक गुण असावा असे सुचविले. प्रयोगशाळेत व उंदरांवर ते खरे ठरले (२०२०). माणसांवरील औषध म्हणून ते सिद्ध झालेले नाही, हेही त्याच दमात सांगावे.

'मग डॉक्टर लागणारच नाहीत का, गुरुजी?' असा प्रश्न हमखास येईल. मिराई केवळ धोक्याचा आकडा देते. गाठ तपासणे, रोग ठरविणे आणि उपचार करणे हे डॉक्टरांकडेच राहते. ज्या पानाविषयी वर्गात मतभेद झाला असेल, ते शेवटी चुरगाळून मुलांना हुंगावयास द्यावे.