परिचारिका-शिक्षणाचा प्रवेश व गुणांचा हिशेब

गुंजवणे गांवाहून राजगड चढणारा चोरदरवाजानें पद्मावती माचीवर येतो. पाली गांवाहून येणारास पाली दरवाजाची वाट आहे. गड एकच, परंतु वाटा पायथ्याशींच वेगळ्या होतात. वेल्हें-भोर भागांतील ज्या मुलींस परिचारिका व्हावयाचें आहे, त्यांचेंही असेंच आहे. कोणते गुण कोठें मोजतात हें पुष्कळजणी बारावीच्या निकालानंतर विचारतात. तोंवर उशीर झालेला असतो. म्हणून हा हिशेब आम्ही येथें मांडीत आहों.

वाटा तीन. पहिली बी.एस्सी. नर्सिंगची, 4 वर्षांची. हिला बारावी विज्ञान शाखेचीच लागते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणें भौतिक, रसायन व जीव या तीन शास्त्रांत मिळून किमान 45 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींस 40 पुरतात. शिवाय इंग्रजींत उत्तीर्ण असावें लागतें. दुसरी वाट जी.एन.एम.ची, 3 वर्षांची. हिला बारावीची कोणतीही शाखा चालते. एकंदर 40 टक्के गुण व इंग्रजींत यश पाहिजे. तिसरी ए.एन.एम.ची, 2 वर्षांची. कला वा विज्ञान शाखेंतून बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलीस ती खुली आहे. तिहींसही वयाचीं 17 वर्षें पूर्ण व्हावीं लागतात.

आतां उदाहरण घेऊं. खुल्या वर्गांतील एका मुलीस भौतिकांत 36, रसायनांत 40 व जीवशास्त्रांत 53 गुण मिळाले. मराठी, इंग्रजी व भूगोल उत्तम असल्यानें ती 600 पैकीं 380 गुण मिळवून प्रथम श्रेणींत आली. दुसरीस त्याच शास्त्रांत 38, 45 व 58 गुण पडले. एकंदर गुण मात्र 312 च. पहिलीची शास्त्रांतील बेरीज 129, म्हणजे 43 टक्के. दुसरीची 141, म्हणजे 47 टक्के. बी.एस्सी.चें दार दुसरीस उघडतें, पहिलीस नाहीं. पहिलीनें निराश होऊं नये; जी.एन.एम.ची वाट तिला मोकळी आहे.

तथापि 45 टक्के हा केवळ उंबरठा होय. महाराष्ट्रांत बी.एस्सी. नर्सिंगसाठीं राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा होते, आणि उंबरठा ओलांडलेल्या मुलींचा क्रम तिच्या गुणांवर लागतो. तींत तिन्ही शास्त्रांबरोबर इंग्रजी व परिचर्येचा कल यांवरही प्रश्न असतात. बारावींत 80 टक्के मिळवून या परीक्षेकडे दुर्लक्ष करणारी मुलगी मागें पडते. इंग्रजीची भीति बाळगणाऱ्या आमच्या खेड्यांतील मुलींनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

येथें कोणी विचारील, रुग्णसेवेची योग्यता का गुणांनीं ठरते? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवाची शाळा 1860 सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत उघडली, तेव्हां प्रत्येक शिकाऊ परिचारिकेचें मासिक टिपण ठेवीत. त्यांत औषधोपचाराच्या कौशल्याबरोबर वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा व स्वच्छता यांचीही नोंद होई. ही दुसरी परीक्षा आजही रुग्णाच्या खाटेपाशीं चालूच आहे. पण तेथवर पोहोंचण्यास पहिला हिशेब जुळावा लागतो.

म्हणून मुलींनो, दहावीचा निकाल लागतांच, शाखा निवडण्यापूर्वीं, आपल्या शिक्षकांस भेटा आणि त्या वर्षाचे नियम वाचून घ्या. पालकांसही आमची विनंति हीच आहे: निकालपत्रांतील एकंदर टक्के तेवढे पाहूं नका; कोणत्या विषयांत किती, हें पाहा.