गाडीच्या पोटात तेल कसे जाते?

जाफराबादच्या बाजाराला कोणी फटफटीवर येतो. पूर्णेकाठच्या मळ्यात कोणाचे डिझेलचे इंजिन पाणी उपसते. फटफटी चालते पेट्रोलवर, इंजिन चालते डिझेलवर. पण दोघांनाही तेलाबरोबर हवा लागते. चूल पेटवताना आपण फुंकर घालतो ना? तसेच हे.

तेल आणि हवा एकत्र आणण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक ओढण्याची, दुसरी ढकलण्याची. आज आपण त्या समजून घेऊ.

ओढण्याची रीत

हे काम कार्बोरेटर करतो. जुन्या फटफटीला तो असतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीलाही तोच होता. ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. पुढे तिचे नाव पद्मिनी पडले. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईत ही टॅक्सी बंद झाली.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक वाटी असते. वाटीत एक गोळा तरंगतो. वाटी भरली की गोळा वर येतो आणि पेट्रोल थांबते. शेजारी हवेची नळी असते. ती मध्येच अरुंद होते. नदी अरुंद जागेत शिरली की जोरात धावते. तशीच हवा तिथे जोरात धावते, आणि तिचा दाब कमी होतो. मग बारीक भोकातून पेट्रोल आपोआप ओढले जाते. एक किलो पेट्रोलला सुमारे १५ किलो हवा लागते.

भोकात कचरा अडकला तर? मिस्त्री वाटेतच कार्बोरेटर खोलतो, साफ करतो, पुन्हा बसवतो. पण याचे माप जरा ढिले. थंडीत गाडी लवकर धरत नाही, चोक ओढावा लागतो.

ढकलण्याची रीत

डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आतली हवा इतकी दाबली जाते की ती खूप तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते पेटते. पंप मोजून तेल ढकलतो आणि नोझल त्याचा फवारा करते. जर्मनीतल्या बॉश कारखान्याने १९२७ साली असे पंप मोठ्या संख्येने करायला सुरुवात केली.

१९५४ साली मर्सिडीज कंपनीने हीच रीत पेट्रोलच्या एका वेगवान मोटारीत घातली. तिचे नाव ३०० एसएल. मोजून तेल मिळाले, ताकद वाढली. पण एक खोड राहिली. किल्ली बंद केली तरी इंजिन पुरते थांबेपर्यंत पंप पेट्रोल टाकीतच राही. ते पेट्रोल आतले वंगण धुऊन नेई.

मग चांगले कोणते?

कार्बोरेटर साधा, स्वस्त, दुरुस्तीला सोपा. पंप मापाचा पक्का, पण नाजूक. त्याच्या आतली फट केसाच्या जाडीहूनही बारीक असते. धुळीचा कण गेला की ती खरवडते. म्हणून डिझेल गाळून भरावे. टाकी कोरडी पडू देऊ नये, नाहीतर नळीत हवा शिरते. मग मिस्त्री म्हणतो, "इंजिनानं हवा धरली."

एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले. आता नव्या फटफटीत बहुधा विजेच्या हुकमतीने चालणारा फवारा असतो. म्हणजे फटफटीनेही ढकलण्याची रीत धरली.

ही गोष्ट विसरू नका

नोझलमधून तेल फार मोठ्या दाबाने सुटते. मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा तो दाब जवळजवळ १०० पट असतो. फवारा पाहायला कधीही हात पुढे धरू नका. तेल कातडी फोडून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते. "एवढंसं तर लागलंय," असे म्हणून आपण घरी बसतो. पण आत तेल पसरते. उशीर झाला तर बोट काढावे लागते, हातही जातो. तेव्हा लगेच मोठ्या दवाखान्यात जा. डॉक्टरांना सांगा, "दाबाने डिझेल आत गेले आहे."

पेट्रोलजवळ बिडी नको, आणि नोझलपुढे हात नको.

सांगा पाहू :
१. कार्बोरेटरमधला गोळा काय करतो?
२. डिझेल गाळून का भरावे?
३. नोझलचा फवारा हाताला लागला तर काय कराल?