पाच वर्षांचा बूस्टर दिलाय ना?

बाळ दीड महिन्याचं असताना लसीची तारीख आपण सगळेच कॅलेंडरवर खूण करून ठेवतो. मांडीला गाठ येते, ताप चढतो, त्याला खांद्यावर घेऊन रात्रभर घरात फेऱ्या मारतो. तरी पुढची तारीख चुकवत नाही.

मग मूल चालायला लागतं, पळायला लागतं आणि लसीचं कार्ड कुठल्यातरी फायलीत जाऊन बसतं. पाच वर्षांच्या बूस्टरची वेळ येते तेव्हा नेमकं शाळेचं ॲडमिशन, गणवेश, व्हॅन, घर बदलणं असं सगळं अंगावर आलेलं असतं. मुद्दाम कोण टाळतंय? राहून जातं.

पण घटसर्पाला तेवढं पुरतं. आपल्या आज्या या नावाला घाबरायच्या. आपल्याला तो इतिहासजमा झालेला वाटतो, पण भारतात अजून त्याचे रुग्ण सापडतात आणि त्यांत शाळेत जाणारी मुलं बरीच असतात. तान्हेपणी घेतलेल्या डोसांचं बळ वर्षागणिक कमी होतं. ते परत वाढवायला बूस्टर असतो.

सुरुवात अगदी साधी होते. घसा दुखतो, बारीक ताप असतो, मूल जेवायला नको म्हणतं. आपण हळदीचं दूध देतो, गुळण्या करायला लावतो, उद्या बघू म्हणतो. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यावर भागतंही. फक्त एकदा टॉर्च लावून घसा बघत जा. टॉन्सिलवर राखाडी, चिकट पडदा दिसला, जबड्याखाली मान सुजली, श्वास घेताना आवाज यायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. पडदा खरवडायलाही जाऊ नका, रक्त येतं.

ही घाई एवढ्यासाठी की घटसर्पाचे जंतू घशात बसून विष सोडतात आणि ते रक्तातून हृदयापर्यंत, मज्जातंतूंपर्यंत पोचतं. त्यावर प्रतिविषाचं इंजेक्शन आहे, पण ते रक्तात फिरणारं विषच निकामी करतं. पेशींत शिरलेल्या विषापुढे त्याचं काही चालत नाही.

मला सगळ्यात जास्त कासावीस करतं ते पुढचं. ताप उतरतो, घसा मोकळा होतो, मूल खेळायला मागतं. तरी हृदयाचे ठोके कधी बिघडतील याचा भरवसा नसतो, म्हणून त्याला पडून राहायला सांगावं लागतं. काहींची टाळू लुळी पडते, प्यायलेलं पाणी नाकातून परत येतं, बोलणं गेंगाणं होतं. सहा वर्षांच्या लेकराला हे कसं समजवायचं? 'आता तर मला बरं वाटतंय, मग घरी का जायचं नाही?' या प्रश्नावर कुठल्या आईकडे उत्तर असणार?

म्हणून आज रात्री मुलं झोपली की ते कार्ड शोधून काढा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे पेंटाचे तीन डोस, मग सोळा ते चोवीस महिन्यांमधला ट्रिपलचा बूस्टर, पाच-सहा वर्षांचा दुसरा, आणि 10 व 16 व्या वर्षी टीडी. मधला एखादा राहिला असेल तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेलेच पुरे करतात. कार्ड हरवलं असलं तरी जा. 'आता इतक्या उशिरा कशाला आलात' असं कुणी म्हणेल, या संकोचानेच आपण आणखी उशीर करतो. सरकारी केंद्रात हे सगळे डोस मोफत मिळतात. आशाताईंना विचारलंत तर तुमच्या भागातला लसीकरणाचा दिवस त्या सांगतील.

आणि मुलाला 'डॉक्टरकाका फक्त तपासणार आहेत' असं सांगून नेऊ नका. सुई टोचल्यावर ते रडतं, त्यातलं अर्धं रडू फसवलं म्हणून असतं. 'थोडं दुखेल, मी हात धरून बसते' एवढं आधी सांगितलं तर तेही मन घट्ट करतं.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या, बिल्डिंगच्या वॉचमनच्या, शेजारी नव्याने राहायला आलेल्यांच्या मुलांचंही एकदा आपुलकीने विचारा. गाव सोडून आलेल्या माणसांना नव्या जागी केंद्र कुठे आहे हेच कितीदा ठाऊक नसतं. पत्ता सांगा, जमलं तर सोबत जा.