पन्हळी पाइपचा सांधा

प्रश्न : भिलाईजवळ शेतरस्त्याखाली पन्हळी जस्ती पाइपचे दोन तुकडे जोडायचे आहेत. वेल्डिंग करावे का?

उत्तर : कृपया नको. उष्णतेने जस्ताचा थर जळतो, नेमका तिथेच गंज धरतो. शिवाय तो धूर वेल्डरच्या छातीला बाधतो. कपलिंग बँड वापरा. त्याच्या पन्हळी पाइपच्या पन्हळींत बसल्याच पाहिजेत, सपाट पट्टा ओढ सहन करत नाही. आत रबरी गॅस्केट घाला. बोल्ट आवळताना बँडवर लाकडी हातोडीने सभोवार ठोकत राहा, म्हणजे ढिलाई निघते.

खरी काळजी मातीची. दुर्ग-भिलाईची काळी कन्हार पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सांधा हलवते. म्हणून पाइपखाली व बाजूंना मुरूम भरा. दोन्हीकडे सारख्या उंचीने, 15 सेंटिमीटरच्या थरांत धुमसून.