जुनी शिकारी रायफल विकत घ्यावी काय ?

निफाड तालुक्यांतील आमच्या एका स्नेह्यांनीं गेल्या पंधरवड्यांत आम्हांस एक प्रश्न केला. त्यांच्या शेजारच्या मळ्यांतील वृद्ध गृहस्थांपाशीं .३१५ बोअरची एक शिकारी रायफल आहे. वयोमानामुळें ती त्यांस आतां विकावयाची आहे, आणि नव्या हत्याराच्या मानानें किंमतही पुष्कळ उतरती आहे. तर ती घ्यावी कीं न घ्यावी? उंसांत रानडुकरें शिरतात, विजेची पाळी रात्रीची असल्यामुळें थोरल्या चिरंजीवांस काळोखांत पाणी भरावयास जावें लागतें, आणि बिबट्याचें भय तर त्या बाजूस रोजचेंच झालें आहे. घरांत हत्यार असावें असा चिरंजीवांचा आग्रह. हत्यार नको असा मातोश्रींचा. प्रश्न आमच्याकडे येण्याचें कारण इतकेंच कीं, आम्हीं महसूल खात्यांत चाकरी केली व तींतील कांहीं वर्षें हत्यार-परवान्यांचें दप्तर आमच्याकडे होतें. आम्ही शिकारी नव्हे. स्वतः आम्हीं आयुष्यांत एकही बार काढलेला नाहीं. परंतु कागद पुष्कळ पाहिले आहेत, आणि असला प्रश्न इतर वाचकांसही पडत असेल म्हणून जें त्यांस सांगितलें तेंच येथें विस्तारानें मांडतों.

प्रथम हें पाहावें कीं, हत्यार हवें कशासाठीं ? रायफलीस शिकारी म्हणतात तें आतां केवळ नांवापुरतें उरलें आहे. सन १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील सन १९९१ ची दुरुस्ती यांनीं हौसेची शिकार बंद केली. राहिला प्रश्न पिकाच्या रक्षणाचा. सन २०२२ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, रानडुक्कर व रोही हीं जनावरें दुसऱ्या अनुसूचींत आहेत. तीं उभ्या पिकास धोकादायक झालीं असतील तर कलम ११ अन्वयें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊं शकतो. परवानगी आधीं, बार मागाहून. हत्याराचा परवाना खिशांत असला म्हणजे डुक्कर मारण्याचा अधिकार आला, अशी समजूत आम्हीं चांगल्या शिकलेल्या माणसांतही पाहिली आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. हे दोन कायदे निराळे, दोन कचेऱ्या निराळ्या व दोन कागद निराळे.

काळवीट, मोर व बिबट्या पहिल्या अनुसूचींत मोडतात. येवल्याकडे ममदापूरच्या आसपास काळविटांचे कळप हरभऱ्यांत व गव्हांत उतरतात, आणि शेतकऱ्याचा जीव तळमळतो हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि पीक खाल्लें या कारणास्तव पहिल्या अनुसूचींतील जनावर मारण्याची परवानगीच मिळत नाहीं. ही मर्यादा ओलांडणारास तीन ते सात वर्षांची कैद व निदान पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. बिबट्या अंगावरच आला व जीव वाचविण्यासाठीं त्यास मारावें लागलें, तर कायदा त्यास अपराध मानीत नाहीं. पण हें मानण्यापूर्वीं चौकशी होते, आणि तो मनुष्य त्या वेळीं कायद्याविरुद्ध दुसरें कांहीं करीत नव्हता हेंही पाहिलें जातें. शिवाय उंसांत बिबट्या दिसतो तेव्हां तो दहा-बारा पावलांवर असतो. एका हातांत विजेरी, दुसऱ्यांत फावडें आणि खांद्यास लांब नळीची रायफल अशा अवस्थेंतील मनुष्य नेम काय धरणार ? दोघांनीं मिळून जाणें, मोठ्यानें बोलत जाणें व वाकून काम करतांना सोबत्यानें उभें राहणें यांचा उपयोग अधिक.

आतां परवान्याचा विचार. सन १९५९ च्या हत्यार कायद्यानें सर्व हत्यारांस एकाच मापानें मोजलेलें नाहीं. संरक्षणासाठीं निदान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागणारा आणि खरोखर पीकरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणारा यांचा मार्ग कायद्यानेंच सुलभ केला आहे. रायफलीच्या नळींत पीळ असतो. ती या सवलतींत बसत नाहीं. तिच्यासाठीं सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. लष्करी काडतूस जींत चालतें ती, उदाहरणार्थ .३०३ बोअरची रायफल, तर निषिद्ध वर्गांतील. कोणी जुनी म्हणून स्वस्तांत देऊं केली तरी तिला हात लावूं नये. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत तयार झालेली .३१५ बोअरची रायफल त्या वर्गांतील नाहीं, म्हणूनच ती नागरिकांच्या घरीं आढळते.

निफाडकरांस आणखी एक अडचण आहे, व ती पुष्कळांस ठाऊक नसते. नांदूरमध्यमेश्वर हें सन १९८६ पासून अभयारण्य आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आंत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवांचून नवा हत्यार-परवाना देतां येत नाहीं. आमच्या स्नेह्यांचा मळा नकाशावर मोजला तो या वर्तुळाच्या आंतच आला.

परवाना मिळालाच असें धरून चालूं. खाजगी वापराचें हत्यार दुसऱ्या परवानाधारकास विकतां येतें. परंतु विकणारानें घेणाराचें नांव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांस किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस लोटल्यावांचून हत्यार हातचें सोडतां येत नाहीं. "घेऊन जा, चार रात्री वापरून पाहा, मग पैसे द्या," हा बैलजोडीचा व्यवहार येथें चालत नाहीं. परवान्यावांचून हत्यार बाळगणारास सन २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पांच वर्षांची शिक्षा सांगितली आहे. त्याच दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें केली व एका माणसापाशीं दोनांहून अधिक हत्यारें ठेवण्यास बंदी केली.

या ठिकाणीं आमच्या चाकरींतील एक गोष्ट सांगणें भाग आहे. ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. एका गांवीं एक परवानाधारक शेतकरी वारले. मुलें साधीं माणसें. बापाची आठवण म्हणून त्यांनीं दुनळी बंदूक धोतरांत गुंडाळून माळ्यावर ठेवली. परवानाधारक वारल्यावर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करावयाचें असतें, आणि वारसास तें हवें असल्यास त्यानें स्वतःच्या नांवें अर्ज करावयाचा असतो, हें त्यांस कोणीं सांगितलें नाहीं. तिसऱ्या वर्षीं घराची भिंत पाडतांना बंदूक बाहेर आली, गवगवा झाला व धाकट्या मुलावर खटला झाला. कचेरींत नोंदवही काढली तेव्हां मुदत संपलेल्या त्या नांवापुढें 'पाहिलें' अशी लाल शाईची खूण होती, आणि ती आमच्या हातची होती. आम्हीं तें नांव पाहिलें होतें खरें. पण मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं हें तलाठ्यांस विचारलें नव्हतें. त्या मुलाच्या कोर्टाच्या खेपा आम्हीं मोजल्या आहेत. तेव्हांपासून हत्यार घेऊं पाहणारास आम्ही आधीं हें विचारतों : तुमच्या मागें हें कोण सांभाळणार ? सन २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, अथवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षें झालीं, म्हणजे हयातींतच वारसाच्या नांवें तें करण्याची सोय आहे. तिचा लाभ घेणारे विरळा.

आतां खुद्द हत्याराची पारख. ही माहिती आम्हीं परवाना असलेल्या एका जुन्या कारागिराजवळ बसून मिळविली आहे. पाहणी मालकाच्या समक्ष व्हावी. रायफल हातीं घेतांच ती रिकामी आहे हें डोळ्यांनीं पाहावें व बोटानें चांचपावें, मालकाच्या शब्दावर राहूं नये. मग नळीवरील अंक परवान्यावरील अंकाशीं ताडावा. एक आंकडा जरी जुळला नाहीं तरी उठून यावें. अंक कानशीनें घासलेला दिसल्यास चहासही थांबूं नये.

खटक्याचा दांडा काढून नळी उजेडाकडे धरावी व मागून पाहावें. पिळाच्या कडा धारदार व सर्वत्र सारख्या दिसाव्यात. मध्यें कोठें काळें कंकण दिसलें तर त्या जागीं नळी फुगली आहे असें समजावें. नळींत कांहीं अडकलें असतां बार काढल्याची ती खूण असते, आणि तिच्यावर उपाय नाहीं. तोंडाकडची कड ठेचलेली असेल तर गोळी नेमास जाणार नाहीं. काडतूस बसतें त्या जागेच्या पुढें गंजाचे खड्डे पुष्कळ वेळां सांपडतात. जुन्या काडतुसांच्या टोपींत असे क्षार असत कीं बार झाल्यावर ते नळींत राहत व हवेंतील ओल शोषून घेत. मालक बिचारा तेल लावीत असे. पण तेलांत क्षार विरघळत नाहींत, गरम पाण्यांत विरघळतात. त्यामुळें बाहेरून आरशासारखी चकाकणारी रायफल आंतून चाळणी झालेली असते, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसांत राहिलेल्या हत्यारांत तर हें विशेष.

त्यानंतर रिकाम्या रायफलीचा चाप ओढून पाहावा. तो फार हलका असणें हा गुण नव्हे. सुरक्षेचा खटका लावून ओढला असतां सुटतां कामा नये, आणि खटका पुन्हां काढतांना तर मुळींच सुटतां कामा नये. लांकडी दस्त्यास जेथें हाताची मूठ बसते तेथें बारीक चीर आहे काय तें नखानें पाहावें. स्क्रूंच्या खांचा चावल्यासारख्या दिसल्या तर कोणा अडाण्यानें आंत हात घातला आहे असें ओळखावें.

रायफलीऐवजीं बारा बोअरची जुनी दुनळी बंदूक समोर आली तर पारख थोडी निराळी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असतां त्यांतील एक जेवढी होईल तेवढें तिच्या नळीचें तोंड, म्हणून ती बारा बोअर. पुढचें लांकूड काढून ती हलवून पाहावी. बिजागरीशीं खडखडली तर ती थकलेली आहे. नळ्या सुट्या करून टांगाव्या व टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर जोड शाबूत, मडक्यासारखा आला तर सुटलेला. जुन्या विलायती बंदुकींत काडतुसाची जागा अडीच इंचांची असते, हल्लींचें काडतूस बहुधा पावणेतीन इंचांचें. तें बसल्यासारखें वाटतें, पण उघडण्यास वाव नसल्यानें दाब भयंकर वाढतो. नळीवर लांकडाच्या नसांसारखी नक्षी असेल तर ती लोखंडी पट्ट्या पिळून केलेली, काळ्या दारूच्या काळांतील नळी होय. ती भिंतीवर शोभते. हल्लींच्या काडतुसानें ती फुटून डावा हात जाऊं शकतो.

एवढ्यानेंही रायफल उत्तम ठरली, तरी एक प्रश्न उरतोच, आणि आमच्या मतें तोच निर्णायक आहे. छर्ऱ्यांचा बार चाळीस यार्डांपलीकडे निरुपयोगी होतो व तीनचारशें यार्डांत छर्रे जमिनीवर पडतात. रायफलीची गोळी नेम चुकल्यास दोन मैलांपलीकडेही जाते. शिकारीच्या काळीं मागें डोंगर असे, रान असे. आमच्या स्नेह्यांच्या मळ्याच्या तिन्ही अंगांस वस्त्या आहेत, पलीकडे द्राक्षबागेंत छाटणीस आलेले मजूर झोंपड्यांतून उतरलेले असतात. रात्रीं डुकरावर सुटलेली गोळी कोणाच्या कुडांतून जाईल हें कोण सांगणार ?

खर्चाचें थोडक्यांत सांगतों. वैद्यकीय दाखला, सुरक्षेचें शिक्षण, लोखंडी कपाट, मर्यादित काडतुसें, नूतनीकरणाच्या खेपा. निवडणूक आली म्हणजे हत्यार ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम बहुधा येतो. डुकरांस मात्र आचारसंहिता नसते, आणि नेमकें त्याच दिवसांत पीक उभें असतें.

हें सर्व आम्हीं स्नेह्यांस ओटीवर बसून सांगितलें, व दुसऱ्या दिवशीं बांधावर जाऊन चारही दिशांचीं अंतरें पावलांनीं मोजलीं. उत्तरेस वस्ती एकशें ऐंशी पावलांवर निघाली. चिरंजीव आमच्या मागून मुकाट्यानें चालत होते. रायफल घेण्याचा बेत रहित झाला. वृद्ध गृहस्थांनीं ती नाशकांतील एका परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घेतली; ती पावती जपून ठेवा असें आम्हीं त्यांस दोनदां बजावलें. डुकरांनीं मोडलेल्या उंसाच्या नुकसानभरपाईचा अर्ज आम्हींच लिहून दिला आहे. त्यास गट नंबर, क्षेत्र व पायांचे ठसे दिसणारीं छायाचित्रें जोडलीं आहेत. वनखात्याचा पंचनामा यावयाचा आहे. चिरंजीव अद्याप रुसलेले आहेत. मात्र पाण्याच्या पाळीस शेजारचा एक गडी सोबत नेऊं लागले आहेत, असें मातोश्रींकडून कळलें.