दहा बाय बाराच्या घरात मुलांचा कोपरा

मुलगी दहावीत जाते आणि एक दिवस म्हणते, "आई, मला माझी जागा पाहिजे." घर दहा बाय बाराचे, माणसे पाच. आई म्हणते, "जागा आणू कुठून? आम्ही नाही का याच घरात वाढलो?" विषय तिथेच संपतो. आमच्याही घरात हे झाले आहे, आणि आम्हीही ते थेर समजून सोडून दिले होते. आता आरोग्याच्या बाजूने विचार केला तर कळते की मुलगी चैन मागत नव्हती.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते, त्यामुळे झोप उशिरा येते. त्यातच घरात अकरापर्यंत टीव्ही आणि पहाटे पाण्याची धावपळ असली की झोप अर्धी होते. मग चिडचिड, डोकेदुखी, वर्गात डुलक्या. शरीर बदलत असते, कपडे बदलायला आडोसा हवा असतो. मनात खूप काही चाललेले असते, त्यासाठी घटकाभर एकटे बसता यावे असे वाटते.

बाबासाहेबांची परळच्या चाळीतील खोली आपल्याला ठाऊक आहे. एकच खोली, उशाला जाते, पायाशी शेळी. रामजीबाबा लहान भीमाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि त्याला अभ्यासाला उठवून मग आपण झोपत. खोली वाढली नाही. बापाने आपली झोप मुलाच्या वेळेशी जुळवून घेतली. आज आपल्या मुलांना रात्री दोनला उठवायचे नाही, त्यांची झोप पुरी व्हायला हवी. पण घराने मुलासाठी सरकून घ्यायचे, हे मात्र तिथून शिकायचे.

आधी विचारा, मग हलवा

रविवारी सगळे घरात असताना मुलाला किंवा मुलीला कागद आणि मोजपट्टी द्या. दार, खिडकी, मोरी, शेगडी, कपाट कुठे आहे ते काढू द्या. "तुला काय त्रास होतो?" एवढेच विचारा आणि ऐकून घ्या. कुणी उजेड म्हणेल, कुणी आडोसा, कुणी "माझी वही कुणी उघडू नये" म्हणेल. आपण ठरवलेला कोपरा चार दिवसांत पसाऱ्याने भरतो. मुलांनी ठरवलेला मुले सांभाळतात.

जागा निवडताना

गॅसपासून लांब आणि खिडकीजवळची जागा घ्यावी. पुष्कळ घरांत खिडकीसमोरच कपाट असते, ते आधी हलवा. हवा खेळती नसलेल्या बंद खोलीत क्षयरोगासारखे आजार लवकर पसरतात. भिंतीला ओल असेल तर अंथरूण चार बोटे दूर ठेवा आणि आठवड्यातून एकदा उन्हात टाका. पोटमाळा असेल तर आधी पत्र्याची धग पाहा. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे बसवू नका. शिडी हलती नको, वायरी उघड्या नकोत.

आडोसा, उजेड, बैठक

भिंतीपासून भिंतीपर्यंत तार ओढा आणि जुनी सुती साडी किंवा चादर अडकवा. ती सरकती असावी, म्हणजे वारा अडणार नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. जमिनीवर वाकून लिहिण्याने मान आणि पाठ धरते. लाकडी खोक्यावर फळी ठोकून बैठे टेबल होते. कोपर सहज टेकेल एवढी उंची पुरे. मच्छरदाणी लावता आली तर मच्छर अगरबत्तीचा धूर टळतो. फोन उशीखाली ठेवून चार्जिंगला लावू नये. रात्री तो आईबापाच्या फोनांसोबत एकाच जागी ठेवावा. आपणही ठेवावा, नाहीतर मुले ऐकत नाहीत.

मुलीसाठी झाकणाची एक पेटी हवी. तिचे पॅड किंवा कपडा त्यात राहील. कपडा वापरत असेल तर तो स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावा, लपवून ओला ठेवू नये. त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे घरातल्या पुरुषांनीही समजून घ्यावे.

फळीपेक्षा अवघड काम

तार, फळी, दिवा एका दिवसात होते. अवघड आहे ते शब्द पाळणे. संध्याकाळी दीड-दोन तास टीव्ही बंद. पडदा ओढलेला असेल तर हाक मारून आत जायचे. वही, पेटी उघडायची नाही. आणि मुलाला कोपरा देऊन मुलीला भांड्यांना बसवायचे नाही. पाणी भरणे, भांडी, झाडलोट दोघांत वाटून द्या. मुलीला वेळच नसेल तर तिच्या कोपऱ्याचा उपयोग काय?

कोपरा म्हणजे मुलाला एकटे टाकणे नव्हे. जेवण सगळ्यांबरोबरच व्हावे. दोन आठवडे मूल गप्प गप्प असेल, जेवत-झोपत नसेल तर रागावू नका, जवळ बसा. मरणाची भाषा कानावर आली तर तिला नाटक समजू नका, त्याच क्षणी मदत घ्या आणि मुलाला एकटे सोडू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. सरकारी दवाखान्यातही दाखवता येते.

या रविवारी करायचे काम

घरातल्या मुलाला एकच प्रश्न विचारा : "या घरात तुला शांत कुठे वाटते?" उत्तर "कुठेच नाही" असे आले, तर मोजपट्टी काढा.