कामाची खोली आणि तिची तपासणी

'कारखाना' हा शब्द उच्चारतांच उंच धुराडें आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन शहरांतील पुष्कळसें काम धुराड्यावांचूनच चालत असे. शिंपी, टोप्या करणाऱ्या स्त्रिया, पाववाले, असे कारागीर माळ्यावरच्या किंवा तळघरांतल्या एखाद्या खोलींत दिवसभर खपत. अशा खोल्यांची काळजी कोणी घ्यावी, ह्या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांत कसें शोधलें गेलें, तें ह्या लेखांत पाहूं.

इ. स. 1901 च्या कायद्यानें ढोबळ मानानें दोन वर्ग केले. जेथें यंत्रशक्ति चाले तो कारखाना. त्याची देखरेख सरकारी निरीक्षकांकडे असे. जेथें केवळ हातानें काम चाले तें 'वर्कशॉप'. त्याची स्वच्छता पाहणें हें स्थानिक नगरसभेचें काम असे. नगरसभेचा आरोग्याधिकारी व त्याचे निरीक्षक त्या खोल्यांत जात, आणि त्या कामाचा वृत्तांत अधिकाऱ्यास आपल्या वार्षिक अहवालांत द्यावा लागे.

निरीक्षक प्रथम हवा मोजी. ती कशी मोजतात हें आमच्या विद्यार्थ्यांस सहज कळेल. कायद्यानें दर माणशीं 250 घनफूट जागा ठरविली होती. नेहमीच्या वेळेबाहेर काम चालल्यास 400. आतां 10 फूट लांब, 10 फूट रुंद व 10 फूट उंच अशी खोली घ्या. तिचें घनफळ 1000 घनफूट. म्हणजे तींत दिवसा चौघांनीं बसावें, आणि जादा वेळेस दोघांनींच. त्याच खोलींत आठजण बसविले असतील, तर प्रत्येकाच्या वांट्यास 125 घनफूटच येतात. त्यांतला एक क्षयानें खोकत असला, तर उरलेल्या सातांची काय गति होईल, हें सांगावयास नको. घनफळाचें गणित निव्वळ परीक्षेपुरतें नसतें, तें हें असें.

हवेनंतर भिंतींची सफेदी, जमिनीवरील ओल, शौचकूप, हीं पाहिलीं जात. तळघरांतील पावभट्ट्यांविषयीं तर नियम कडक होता. बांधणी, उजेड व वायुवीजन योग्य असल्याचा नगरसभेचा दाखला नसेल, तर 1 जानेवारी 1904 नंतर अशी भट्टी वापरतां येत नसे. पाव सर्वांच्याच ताटांत जातो. तेव्हां ह्या तपासणीनें मजुराचें रक्षण होई, तसेंच खाणाऱ्याचेंही.

घरीं बसून शिवणकाम करणाऱ्यांची गोष्ट मात्र बिकट होती. ज्या घरांत देवी किंवा स्कार्लेट फीव्हर झालेला रोगी असेल, त्या घरीं कपडे शिवविण्यास मनाई होती. कारण कपड्याबरोबर रोग दुसऱ्या घरीं जाई. नियम योग्यच. परंतु जिची चूल त्या शिलाईवरच पेटे, त्या मातेनें काय करावें? मूल आजारी, आणि त्याच दिवशीं मजुरीही बंद! अशा स्थितींत रोग लपविण्याचा मोह कोणासही होईल. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, जो कायदा काम थांबवितो त्यानें त्या दिवसांच्या भाकरीचीही सोय पाहावी; तसें झालें तरच तो पूर्णपणें पाळला जातो.

ह्या कामांत स्त्रियांनींही मोठा वांटा उचलला. ल्यूसी डीन व रोझ स्क्वायर ह्या दोघी 1893 सालीं लंडनच्या केन्सिंग्टन भागांत आरोग्य-निरीक्षक झाल्या, व पुढें सरकारी कारखाना-निरीक्षक म्हणून काम करूं लागल्या. अॅस्बेस्टॉसची धूळ कामकऱ्यांस अपायकारक आहे, असें डीनबाईंनीं 1898 सालच्या अहवालांत नमूद केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं त्या धुळीचे कण कांचेसारखे अणकुचीदार दिसले होते. तथापि त्या धुळीविषयींचे नियम ब्रिटनमध्यें 1931 सालीं झाले! मधल्या तेहतीस वर्षांत किती छात्या त्या धुळीनें भरल्या असतील, ह्याचा विचार वाचकांनींच करावा. निरीक्षकानें डोळे उघडे ठेवले, तरी अहवाल वाचणाऱ्यांनीं ते मिटून घेतल्यास उपयोग काय?

आपल्या देशांतील पहिला कारखान्यांचा कायदा 1881 चा. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसें असणाऱ्या जागांसच तो लागू होता. त्यामुळें मुंबईच्या गिरण्या त्यांत आल्या. शिंप्याची, तांबटाची, विड्या वळणाऱ्यांची खोली बाहेरच राहिली. 1948 च्या कायद्यानें यंत्र असल्यास दहा व नसल्यास वीस कामकरी अशी मर्यादा घातली, आणि नव्या कारखान्यांत दर माणशीं 500 घनफूट, म्हणजे लंडनच्या दुप्पट, जागा ठरविली. तरीही वीसांहून कमी हातांच्या खोल्या पुष्कळ उरल्याच.

तेथें निरीक्षक पोहोंचो वा न पोहोंचो, गिऱ्हाईक तर पोहोंचतेंच. आमच्या विद्यार्थ्यांनीं नवा सदरा आणावयास जातांना त्या खोलीला खिडकी आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. त्यांच्यांतलेच कांहीं उद्यां मालक होतील, कांहीं नगरसेवक होतील. त्या वेळीं आज पाहिलेली ती खोली त्यांनीं विसरूं नये.